खुलासा: कलम २६ चं एकच वाक्य फिरतंय

‘मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानुसार मुलांच्या शिक्षणाचा पूर्ण अधिकार पालकांचा, मूल शाळेत पाठवा अशी सक्ती कोणतंच सरकार करू शकत नाही’ हा मेसेज परवा मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. आधी वाचायला हवं होतं, माझी चूक.

काल मूळ मजकूर काढून वाचला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातल्या कलम २६ मध्ये तीन पोटकलमं आहेत. मेसेजमध्ये फक्त तिसरं घेतलंय, तेही ताणून. त्यात म्हटलंय की आपल्या मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं, हे निवडण्याचा पहिला हक्क पालकांचा. ‘प्रकार’ हा शब्द मेसेजमधून गळला, आणि सगळा घोळ तिथेच झाला. कारण पहिलंच पोटकलम सांगतं की प्राथमिक शिक्षण सक्तीचं असेल. म्हणजे कसं शिकवायचं हे आईवडील ठरवू शकतात. शिकवायचंच नाही, हे नाही.

१९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही सरकारीऐवजी दुसरी शाळा निवडायची मुभा आहे, पण ती शाळा किमान दर्जाची हवी. शिवाय १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायलाही सांगितलंय. (हे मेसेजवाल्यांना आठवत नाही.)

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर डिलीट करा.