म्हणे ई-बुक दहा रुपयांत मिळायला हवं

२७ फेब्रुवारीला मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. सार असं: ई-बुकला ना कागद, ना छपाई, ना दलाल, वर करही माफ, दहा रुपये पुरे असताना दीडशे-दोनशे घेतात. ही लूट आहे, म्हणून सोबतची पीडीएफ घ्या आणि पुढे पाठवा. पीडीएफ कुणाची? कुसुमाग्रजांच्या कवितांची. मराठी भाषा गौरव दिनाला, तेही नाशिकमध्ये!

कराबाबत मेसेज चक्क उलटा आहे. जीएसटी छापील पुस्तकाला शून्य. ई-बुकवर जुलै २०१७ पासून १८ टक्के होता; जुलै २०१८ च्या अधिसूचनेने तो ५ वर आला, पण छापील आवृत्ती असेल तरच. म्हणजे ज्याने खरोखर कागद वाचवला, त्याला सवलत नाही. चिडायचंच तर यावर चिडा.

दलालाचं म्हणाल, तर किंडलवर स्वतः पुस्तक टाकणाऱ्या लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मिळतात. उरलेले कोण नेतं? एम. जी. रोडवरचा दुकानदार निदान पुस्तक चाळू तरी देतो.

कागद-छपाईचा खर्च वाचतो, खरंय. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, मानधन मात्र वाचत नाही. मराठीत तर वर एक काम वाढतं. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मग कुणीतरी पान न् पान पुन्हा वाचतं. फुकट नाही वाचत.

एवढं मात्र कबूल की छापील पुस्तकाइतकीच किंमत लावली की मलाही टोचतं. ई-बुक म्हणजे वाचायचा परवाना. ते भाचीला देता येत नाही, रद्दीतही घालता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-बुकचं दुकान गुंडाळलं, तेव्हा लोकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली ती गेलीच. महाग वाटतं? नका घेऊ.

पण म्हणून ती पीडीएफ हक्काची होत नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. फुकटच हवं तर हरिभाऊ आपटे घ्या. ते १९१९ मध्ये गेले, कुणी अडवणार नाही. आणि कुसुमाग्रजच वाचायचे असतील, तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासून आहे. वर्गणी भरा, पुस्तक घरी न्या.