दोन बेटांच्या कर्जाची तुलना कशी करावी

अर्थतज्ज्ञ व्हायचं मनात आहे आणि वेळ कमी आहे? मग दोन छोटी बेटं घ्या आणि त्यांच्या थेट परकीय गुंतवणुकीतल्या कर्जाची तुलना करा. मॉरिशस आणि केमन आयलंड्स ही जोडी झकास. एकाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, दुसऱ्याची लाखभरसुद्धा नाही.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी थेट गुंतवणुकीची आकडेवारी काढतो, त्यात भागभांडवल वेगळं आणि कर्ज वेगळं. कंपनीत 10 टक्के मताधिकार असला की गुंतवणूक 'थेट' ठरते. मग त्याच मालकाने त्याच कंपनीला दिलेलं कर्जही तिच्यातच धरतात. तुम्ही फक्त कर्जाचा रकाना उचला. बेटाने आकडा दिला नसेल तर समोरच्या देशांनी त्या बेटाबद्दल दिलेले आकडे उलट्या बाजूने मांडा. कुणी विचारत नाही. मग लोकसंख्येने भागा. दरडोई आकडा असा दणदणीत येतो की मॉरिशसच्या राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या मंडईतला भाजीवाला जगाचा सावकार वाटू लागतो. तोच मथळा करा.

मात्र हे कर्ज कुणी कुणाला दिलंय, हे चुकूनही विचारू नका. मालक न्यूयॉर्कचा, कारखाना भारतातला, मधे मॉरिशसच्या एबेनमधली एक कंपनी. तिच्यामार्फत मालक थोडे शेअर घेतो, उरलेला पैसा कर्जाऊ देतो. लाभांश द्यायचा तर आधी नफ्यावर कर भरावा लागतो. व्याज मात्र खर्चात जातं. म्हणजे डाव्या खिशाने उजव्याला व्याज द्यायचं आणि आयकर खात्याला म्हणायचं, काय करू साहेब, कर्जबाजारी आहे! भारत-मॉरिशस कर-करारात 2016 साली दुरुस्ती झाली, शेअरविक्रीच्या नफ्यावरची सूट गेली, पण व्याजावरचा कर साडेसात टक्क्यांवर बांधला गेला. भारताने 2017 मध्ये आयकर कायद्यात 94बी कलम आणून अशा व्याजाची वजावट एबिटडाच्या, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या, 30 टक्क्यांवर अडवली. असल्या तळटीपा गाळा, आलेख बिघडतो. मॉरिशसची मध्यवर्ती बँक गुंतवणुकीचा ओघ जाहीर करताना 'ग्लोबल बिझनेस' कंपन्या, म्हणजे एबेनमधल्या त्या कंपनीसारख्या मुख्यतः बेटाबाहेर धंदा करणाऱ्या, बाजूला ठेवते, हेही सांगू नका. त्या बँकेला आपल्या देशाचा मोठेपणा कळत नाही, एवढंच.

आणि बेटावर जायच्या फंदात पडू नका. एबेनला गेलात तर परवान्यापुरते लागणारे दोन स्थानिक संचालक भेटतील, गुंतवणूकदार नाही. केमनच्या जॉर्जटाउनमध्ये अग्लँड हाऊस नावाची पाच मजली इमारत आहे. 2008 च्या अमेरिकी सरकारी अहवालात त्या एका पत्त्यावर 18,857 कंपन्या नोंदलेल्या होत्या. लिफ्टला रांग नसते.

मराठी वाचकासाठी थोडा गहिवर घालायला हरकत नाही. कोकणातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. फक्त तुमच्या भागाकाराने त्यांच्या नावावर किती डॉलर निघाले, हे त्यांना सांगू नका. उगाच बँकेत चौकशी करायला जातील.

संपादकाला तिसरं बेट हवंच असेल तर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स सुचवा. माणसं तीसेक हजार, कंपन्या लाखांत. कॅल्क्युलेटर तेवढा मोठ्या पडद्याचा घ्या.