गच्चीवरचं निळं वाळवण

एप्रिल लागला की आमच्या गच्चीची वाटणी होते. टाकीपासून डिशपर्यंत कुरडया, त्यापुढे साबुदाण्याच्या पापड्या, कठड्यावर मिरच्या. उरलेल्या दीड फुटात मी एक काच, चार क्लिपा आणि हिरवट-पिवळा कागद घेऊन बसतो. "भाऊजी, तुम्ही काय वाळत घातलंय?" याला "सायनोटाइप" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "सायनाइड?" आणि कुरडयांचं प्लॅस्टिक हातभर पलीकडे सरकतं.

शंका अगदीच खुळी नाही. सायनोटाइप म्हणजे औषध लावलेल्या कागदावर उन्हाने निळं चित्र छापायची रीत, आणि ‘सायनो’ म्हणजे ग्रीकमध्ये निळं. पण लागणाऱ्या दोन औषधांपैकी एकाचं नाव पोटॅशियम फेरीसायनाइड आहेच. त्यातलं सायनाइड लोखंडाला घट्ट चिकटून असतं आणि जहाल आम्ल भेटल्याशिवाय सुटत नाही. म्हणून न्हाणीघरात हा उद्योग मांडण्याआधी संडास धुवायचं अ‍ॅसिड बाहेर काढायचं आणि हातमोजे घालायचे. मापाचा चमचा स्वयंपाकघरात परत जाऊ द्यायचा नाही. तो जातोच, तेव्हा त्याला मधोमध भोक पाडून ठेवा.

माप सोपं आहे. एका बाटलीत १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम फेरीसायनाइड. वेगळ्या राहिल्या तर दोघी महिनोन्‌महिने टिकतात. पहिलीला मात्र मीठ कमी पडलेल्या लोणच्यासारखी बुरशी धरते. ती फडक्यातून गाळून टाकायची, घाबरायचं नाही. कामाच्या वेळी दोन्ही सारख्या मापाने मिसळायच्या. ए-फोर कागदाला ३ मिली पुरतं. उत्साहाच्या भरात वाटीभर कालवलं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकावं लागतं, आणि फेरीसायनाइड काही रेशनवर मिळत नाही.

ब्रश स्पंजचा घ्या. पत्र्याची पट्टी असलेल्या ब्रशाला गंज असला तर ते लोखंड औषधात उतरतं आणि कागदावर आधीच निळे ठिपके उमटतात. कागद जलरंगाचा, जाड, ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम). काही कागदांत टिकाऊपणासाठी खडू घातलेला असतो. तो अल्कधर्मी, आणि हा निळा रंग अल्कलीला सासूला भ्यावं तसा भितो. लावणं-सुकवणं रात्री, साध्या पिवळ्या बल्बखाली. दमट हवेत लावलेला कागद दोन-तीन दिवसांत आपणहून निळसर होतो, म्हणून पुढच्या रविवारसाठी थप्पी करून ठेवायच्या फंदात पडू नये.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न, छापायचं काय? माझ्या मते भाद्रपदातल्या पत्रीसारखा माल दुसरा नाही. दुर्वांची त्रिदळं, आघाड्याचे तुरे, शमीची बारीक नक्षी, एका पुडीत सगळं घरपोच. अडचण एवढीच की पत्री मिळते भाद्रपदात आणि ऊन मिळतं वैशाखात. म्हणून ती वर्तमानपत्रात दाबून सात-आठ महिने सांभाळायची. रद्दीवाल्यापासून सांभाळायची, हे सांगायला नकोच. दाबायचं कारण दुसरंही आहे. ताजं पान काचेखाली उन्हात घाम सोडतं, आणि त्या घामाचे डाग दुर्वांपेक्षा ठसठशीत उठतात.

कागदावर पत्री मांडायची, वर काच, कडेला क्लिपा. आता ऊन. अतिनील किरणांनी सायट्रेटमधलं लोह ‘फेरिक’ रूपातून ‘फेरस’ या दुसऱ्या रूपात जातं, ते फेरीसायनाइडला भेटतं आणि प्रशियन निळा रंग कागदाच्या धाग्यांत बसतो. पानाखाली सावली, म्हणून तिथे पांढरं. मे महिन्यात भर दुपारी आठ-दहा मिनिटं पुरतात, ढगाळ दिवशी अर्धा-पाऊण तासही लागतो. पण घड्याळापेक्षा कागदाकडे बघावं. पिवळ्याचा हिरवा, हिरव्याचा निळा आणि निळ्याचा राखाडी, जरा तांबूस झाक मारणारा, असा रंग आला की उचला. नवशिके निळा दिसताच "झालं!" म्हणून उचलतात आणि मग धुताना ते सगळं मोरीत जातं. या आठ मिनिटांत पान हलता कामा नये. नेमकं तेव्हाच कबुतर काचेवर उतरतं, आणि कावळ्यांना हाकलायला काठी घेऊन बसलेल्या काकू कबुतराला काही बोलत नाहीत, कारण ते पापडाकडे गेलेलं नसतं.

हे सगळं १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधलं. पेशाने खगोलशास्त्रज्ञ, इंग्लंडात राहून उन्हावर चालणारी छपाई काढली, यावरून त्यांचा धीर कळतो. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळं कागदावर ठेवून त्यांचं पुस्तक छापायला घेतलं. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक ते हेच. त्यातला मजकूरही त्यांच्या हस्ताक्षरात, याच रीतीने उन्हात छापलेला. दहा वर्षं चाललं हे काम. त्यांच्या शेजाऱ्यांनी काय विचारलं असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. वास्तुविशारदांचे नकाशेही पुढे असेच निघू लागले आणि त्यातून आपल्या पुढाऱ्यांना ‘विकासाची ब्ल्यू प्रिंट’ मिळाली. तीही उजेडात धरली की फिकी पडते. सायनोटाइप मात्र अंधारात ठेवला की बराचसा परत गडद होतो.

धुण्याचं काम मोरीत. पिवळेपणा जाईपर्यंत, पाचदहा मिनिटं, पाणी बदलत राहायचं. बोअरचं अल्कधर्मी पाणी असेल तर पहिल्या बादलीत लिंबू पिळा, नाहीतर नाजूक छटा वाहून जातात. शेवटच्या पाण्यात केमिस्टकडे मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टोपणभर घातलं की फिकट कागद डोळ्यांदेखत गर्द होतो. खरं तर हवेनेही होतो, पण त्याला दिवसभर लागतो आणि तेवढा धीर हर्शेल यांच्यासाठी राखून ठेवलेला बरा.

कपड्यावर डाग पडला तर साबण लावू नका. साबणही अल्कधर्मीच, त्याने निळा जातो आणि त्या जागी गंजाचा पिवळा डाग बसतो, तो सहजी निघत नाही. पांढऱ्या सदऱ्यावरचा असा डाग हळदीचा म्हणून खपवता येतो, असं मला वाटत होतं. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक निघालं. सदरा चार दिवस गच्चीवर आहे, मिरच्यांच्या शेजारी.