अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले म्हणजे किडनी गेली, असं नाही

‘बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले तर समजा किडनी खराब झाली, गोळी आजच बंद करा’ असा मेसेज सध्या फिरतोय. यातली सूज खरी आहे, बाकीचं चुकीचं आणि धोक्याचं आहे.

ही गोळी बारीक धमन्या सैल करते, म्हणून प्रेशर उतरतं. पण शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. मग या दोन्हींना जोडणाऱ्या केशवाहिन्यांमधला दाब वाढून पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं, आणि संध्याकाळी घोट्यापाशी मोज्याची खूण खोल उमटते. किडनीचा यात संबंध नाही. डोसचा मात्र आहे: औषधाच्या माहितीपत्रकानुसार 5 मिलिग्रॅमवर साधारण 3 टक्के, तर 10 मिलिग्रॅमवर जवळपास 11 टक्के लोकांना सूज येते. बायकांना जास्त.

लघवीची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी जोडतात किंवा औषधच बदलतात. बहुतेकांची सूज त्याने उतरते. गोळी परस्पर सोडली तर काही दिवसांत प्रेशर पुन्हा चढतं, आणि किडनीला खरी इजा त्या चढलेल्या प्रेशरनेच होते. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका.

मात्र चेहरा सुजला, दम लागला, लघवी कमी झाली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.