नाव लावा, पण मेंटेनन्सचं काय?
सरकारी शाळांची मैदानं कंपन्यांच्या जाहिरातींच्या पैशातून करावीत म्हणे. माझा सरसकट विरोध नाही, पण स्पॉन्सरला हवा असतो फीत कापतानाचा फोटो आणि चकचकीत स्कोअरबोर्ड, पुढे फाटलेली नेट कोण बदलणार यावर सगळे गप्प, आणि सिंथेटिक टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, तर साधारण 8-10 वर्षांत बदलावंच लागतं, तोवर करार संपलेला. देखभालीचे पैसे आधीच बँकेत ठेवून घ्या ना! अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं एन्रॉन फील्ड आठवतंय, एन्रॉन या ऊर्जा कंपनीचं नाव लावलेलं बेसबॉल स्टेडियम? कंपनी 2001 मध्ये बुडाली आणि 2002 मध्ये नाव उतरवायला तिथल्या बेसबॉल क्लबलाच पैसे मोजावे लागले, शाळा कुठून आणणार एवढे? आणि पोरांच्या जर्सीवर कोल्ड्रिंकचं नाव, ते तर मला अजिबातच पटत नाही.