‘पार्ट खराब आलाय, परत करा’: नव्या पीसीवरच्या एका मेसेजला उत्तर

नवा पीसी असेंबल केला आणि तो सुरूच झाला नाही, तर काय करायचं याचा एक सहा कलमी मेसेज सध्या ग्रुपाग्रुपातून फिरतोय. मला तो चौघांकडून आला. त्यातली एक माझी भाची. तिने तो पाठवला तेव्हा ती नव्याकोऱ्या मदरबोर्डाचे, म्हणजे सगळे पार्ट ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डाचे, स्क्रू सोडवत बसली होती. मेसेजचा सूर असा: नवं मशीन चालू होत नाही म्हणजे कुठला तरी पार्ट खराब आलाय, या सहा कसोट्या लावा, पार्ट शोधा आणि दुकानदाराला परत करा.

मी गेली पंधराएक वर्षं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून ओळखीपाळखीच्या लोकांना मशीन जोडून देतो. खराब पार्ट येतात, नाही असं नाही. पण पहिल्याच दिवशी अडून बसलेल्या मशीनमध्ये मला बहुतेक वेळा माझ्याच हातची चूक सापडली आहे. कुठे वायर अर्धवट बसलेली, कुठे रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, भलत्याच स्लॉटमध्ये. मेसेजमधले निम्मे उपाय आठ-दहा वर्षं धूळ खाल्लेल्या मशीनचे आहेत. तान्ह्या बाळाला संधिवाताचा लेप लावावा तसा हा प्रकार.

पहिलं कलम: ‘पंखे फिरतात, लाइट लागतात, म्हणजे एसएमपीएस आणि वायरिंग ओके.’ नाही. मदरबोर्डाला वीज एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याकडून, दोन वाटांनी येते. एक २४ पिनांचा जाडजूड कनेक्टर आणि दुसरा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला, प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा. पंखे आणि रंगीत दिवे पहिल्यावर चालतात, प्रोसेसर दुसऱ्यावर. दुसरा राहिला तर मशीन दिवाळीसारखं उजळतं आणि स्क्रीन मात्र काळाच. तो राहतोही सहज, कारण ती वायर बोर्डाच्या मागून फिरवून एका चिंचोळ्या भोकातून वर काढावी लागते, आणि कूलर आधी बसवला असेल तर तिथे बोटं पोचत नाहीत. मी स्वतः एकदा पाऊण तास रॅम उलटसुलट केली होती, तेव्हा ही वायर कॅबिनेटच्या मागे आरामात लोंबत होती.

इथे एक सावधगिरी. ग्राफिक्स कार्डाची वायरही आठ पिनांचीच असते. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड (विजेची परतीची वायर) यांच्या बाजू उलट आहेत. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते म्हणूनच, त्यामुळे जोर लावून बसवू नका. आणि मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता-लावता येणारा, एसएमपीएस असेल तर जुन्या एसएमपीएसच्या उरलेल्या वायरी वापरायच्या नाहीत, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम ठरवणारं कुठलंही सामाईक प्रमाण नाही. चुकीची वायर हार्डडिस्क जाळू शकते, आणि मग खरंच पार्ट खराब होतो.

दुसरं कलम: ‘काहीच हललं नाही तर हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडा. एसएमपीएसचा पंखा फिरला नाही तर तो गेला.’ युक्ती जुनी आणि खरी आहे. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला, टेकली की एसएमपीएस चालू होतो. निष्कर्ष चुकीचा. एक तर हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, त्यामुळे रंग बघून हात घालणारा फसतो. दुसरं, अनेक मॉडेलांत कमी लोडवर पंखा बंदच राहतो, तशी सोयच दिलेली असते. धडधाकट एसएमपीएस असा ‘मेलेला’ ठरवून परत केल्याचं मी पाहिलंय. उलट बाजूने, पंखा फिरला म्हणून १२ व्होल्टची लाइन लोडखाली ११.४ ते १२.६ च्या दरम्यान टिकेल याचीही खात्री नाही.

त्याआधी दोन साध्या गोष्टी बघा. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण शून्यावर तर नाही ना? माझ्याकडे आलेल्या मशीनपैकी निदान तीन तेवढ्याने सुरू झाली. नंतर कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर बोर्डावरून काढा आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा, किंवा त्याची वायर तुम्ही शेजारच्या पिनांवर चढवली होती.

तिसरं कलम सगळ्यांचं लाडकं: ‘रॅम काढून पेन्सिलच्या खोडरबराने घासा.’ हा उपाय आपल्याकडे तूप-मेतकुटासारखा घरोघरी आहे. जुन्या मशीनमध्ये तो लागूही पडतो. संपर्कपट्टीवरचा मळ निघतो, आणि बऱ्याचदा खरा गुण रॅम काढून परत बसवण्याचाच असतो. नव्या रॅमवर मात्र मळ आला कुठून? त्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. रबर तो झिजवतो, आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो तो वेगळाच.

नव्या मशीनमध्ये प्रश्न असतो रॅम कुठे आणि किती बसली हा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिका असतील तर बहुधा प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिला-दुसरा नव्हे, कितीही नैसर्गिक वाटलं तरी. अनेक बोर्डांवर आता खटका एकाच टोकाला असतो. तिथला ‘टक्’ ऐकून माणूस खूश होतो आणि दुसरं टोक दोन मिलिमीटर वर राहून जातं. बोर्डाच्या पातळीवर डोळा नेऊन बघा, दोन्ही टोकं एका रेषेत दिसली पाहिजेत. ‘एकच स्टिक लावून पाहा’ हा मेसेजमधला सल्ला मात्र योग्य आहे.

चौथं: ‘पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं.’ आधी मॉनिटरची वायर कुठे लावलीत ते सांगा. कार्ड असताना ती मदरबोर्डाच्या पोर्टात असेल, आणि प्रोसेसर आय५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० असेल, तर त्या पोर्टातून कधीच चित्र येणार नाही, कारण या प्रोसेसरांत ग्राफिक्सच नाही. दुसरी शक्यता बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची. एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठीचे बी४५० चे बोर्ड २०१८ पासूनचे, त्यांतच बसणारी रायझन ५००० मालिका आली २०२० च्या शेवटी. दुकानात पडून राहिलेला जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही; सॉकेट तोच, सगळं नीट बसतं, आणि स्क्रीन काळा. यात कुठलाच पार्ट खराब नसतो. बोर्डाला पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण असेल तर घरीच जमतं, नाहीतर दुकानात करून घ्यायचं.

पाचवं: ‘कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, म्हणजे एसएमपीएस लीक आहे.’ एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थिंगकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. घरात अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा, पण मुंग्या येतात आणि टेस्टर मिणमिणतो. जुन्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास दिसतं. तुम्ही तीनदा एसएमपीएस बदलाल आणि तीनही ‘लीक’ निघतील. बोलवायचा तो वायरमन. दुखणं किरकोळ नाही: खरोखर फेज पत्र्याला लागली तर अर्थिंगशिवाय ते जिवावर बेतू शकतं.

सहावं कलम म्हणजे ज्याने भाचीला स्क्रूड्रायव्हर धरायला लावला ते: ‘दोन मिनिटांत डिस्प्ले आला नाही तर बॅटरी काढून पाच मिनिटं थांबा. तीनदा करूनही नाही आला तर मदरबोर्ड डेड.’ तिचं मशीन रायझन ५ ७६०० चं, डीडीआर५ रॅमचं. ते प्लॅटफॉर्म २०२२ मध्ये आलं, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमबरोबर वेळेचं गणित जुळवत बसतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळा, पंखे फिरताहेत, बोर्डावर रॅमचा दिवा लागलेला. हे काही मिनिटं चालतं. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी काढली की जुळवलेलं गणित पुसलं जातं आणि सगळं पहिल्यापासून सुरू. म्हणजे मेसेजचा उपाय इमानेइतबारे करणारा माणूस दर वेळी घड्याळ शून्यावर आणून ठेवतो, आणि तिसऱ्या खेपेला बोर्डाला मृत घोषित करतो.

“मामा, तीनदा काढली बॅटरी. बोर्ड गेलाय.”

“दिवा कुठला लागलाय?”

“पिवळा. डीरॅम लिहिलंय त्याच्या शेजारी.”

“राहू दे तसंच. आता कशालाही हात लावू नकोस. चहा टाक.”

व्हिडिओ कॉल चालू ठेवून आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत बसलो. चौथ्या मिनिटाला मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू झालं. ती ओरडलीच, पण हात लावला नाही. सहाव्या मिनिटाला पिवळा दिवा गेला, पांढरा लागला, तोही गेला आणि बायोसचा स्क्रीन आला: रॅम ३२ जीबी, प्रोसेसर ४४ अंश. तिने फोटो काढला, मशीन बंद केलं, आणि मघाशी सोडवलेले दोन स्क्रू गालिच्यावर शोधायला लागली.