‘बिनसीडीचा टेप गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही लिहिलंय की गाडीसाठी सीडी न चालणारा टेप गळ्यात मारला, अर्ध्या तासाच्या कामाला साडेतीन तास बसवून ठेवलं, तोच सेट ऑनलाइन साडेपाचशे रुपयांनी स्वस्त मिळतो, आणि पेनड्राइव्ह चालत नाही म्हणजे माल डुप्लिकेट आहे. वेळेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. निदान एकदा बाहेर येऊन ‘अजून दोन तास लागतील, घरी जाऊन या’ एवढं तरी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ती माझी चूक.

पण ‘गळ्यात मारला’ हे वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. वडिलांनी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यालाच मी पुढे गाड्यांच्या टेपचं काम जोडलं. इतक्या वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू मी दिलेली नाही. म्हणून त्या शनिवारी काय झालं ते लिहितो.

तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, ‘तीन हजारांच्या आत बसवा, गाणी वाजली की झालं.’ मी काउंटरवर तीन सेट काढले. त्यातला एक सीडीवाला होता, किंमत 7,400. तो तुम्ही हातातही घेतला नाहीत. चिरंजीव म्हणाले, ‘पप्पा, आता सीडी कोण लावतं?’ मग मी 2,850 वाला सेट उचलला, त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, ‘याला सीडीची फट नाही बरं का. पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, ऑक्स म्हणजे फोन तारेने जोडायची सोय, आणि रेडिओ, एवढंच.’ तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होता. तुम्ही मान हलवलीत आणि मी ती होकार समजलो. ती मान फोनवरच्या माणसासाठी असेल, तर मी थांबून पुन्हा विचारायला हवं होतं, हे मान्य. पण न सांगता दिला, असं नाही झालं साहेब. चिरंजीवांना विचारा, ते शेजारीच उभे होते.

आणि मी तो सेट का सुचवला, तेही ऐकून घ्या. सीडीच्या टेपमध्ये मोटर असते, लेन्स असते, तबकडी आत ओढणारे रबरी रोलर असतात, खड्ड्यात लेन्स हलू नये म्हणून बारीक स्प्रिंगा असतात. हे सगळं हलणारं सामान. कासच्या रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातले खड्डे यात सगळ्यात आधी खराब होतं ते हेच. तुमचा जुना टेप खंबाटकीत गाणं सोडून पुढे उडी मारतो, असं तुम्हीच म्हणालात; ते लेन्स थकल्याचं लक्षण. ती लेन्स आता मला मिळत नाही, आणि मिळाली तरी मजुरी धरून नव्या साध्या सेटच्या निम्म्याच्या वर खर्च जातो. तीन हजारांत सीडीवाला नवा सेट कुणी दिलाच, तर त्याने आवाजाच्या भागात काटकसर केलेली असणार. बिनसीडीच्या सेटमध्ये तेच पैसे अँप्लिफायरमध्ये आणि रेडिओच्या ट्यूनरमध्ये जातात. म्हणून स्वस्तात घ्यायचा असेल तर मी हाच सांगतो. माझ्या स्वतःच्या व्हॅनमध्येही हाच आहे.

खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ छापलेलं असतं, ते बघून सेट घेऊ नका, हेही मी तुम्हाला सांगितलं होतं. तो क्षणभराचा जास्तीत जास्त आकडा असतो. सतत मिळणारी ताकद एका स्पीकरमागे वीसेक वॅटच्या आसपास, आणि दारातल्या कंपनीच्या स्पीकरना तेवढी भरपूर झाली. जो दुकानदार हे आपण होऊन सांगतो, तो गळ्यात मारतो का?

आता साडेतीन तासांचं. टेप काढून नवा सरकवायचा आणि कपलर, म्हणजे गाडीच्या तारा टेपला जोडणारा प्लग, जोडायचं, एवढंच काम असेल तर अर्धा तास पुरतो, हे खरं. पण तुमच्या गाडीचं कपलरच कुणीतरी आधी कापलेलं होतं. तेरा-चौदा तारा नुसत्या पिळून त्यावर टेपपट्टी गुंडाळलेली, आणि उन्हाने पट्टीचा डिंक सुटून तारा एकमेकींना चिकटलेल्या. पिवळी तार बॅटरीची, तिच्यावर घड्याळ आणि चॅनेलची आठवण राहते. लाल तार चावीची. तुमच्या गाडीत या दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीवर टाकल्या होत्या. म्हणून तुमचा जुना टेप चावी काढली तरी चालू राहायचा. आता चावी काढली की बंद होतो, ही तक्रारही तुम्ही शेवटी लिहिली आहे. साहेब, तो बिघाड नाही, तसाच चालायला हवा. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की सेल मारत नाही, धक्का द्यावा लागतो, असं तुम्ही चहा पिताना बोललात ना? त्यामागे मोठं कारण हेच असणार. टेप कधी झोपतच नव्हता.

मी एकेक तार मीटरने तपासली, चारही स्पीकरची जोडी शोधली, नवं कपलर लावलं, सांधे डाग मारून पक्के केले. मागच्या डाव्या स्पीकरची उणे तार पत्र्याला लागत होती. तशीच ठेवली असती तर नव्या सेटचं आउटपुट उडालं असतं आणि मग खरंच मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. एवढ्या कामाचे मी 300 फिटिंगचे आणि 250 कपलरचे घेतले. वायरिंगचा वेगळा एक रुपया लावला नाही. बिल तुमच्याकडे आहे, बघा. ऑनलाइन 2,300 ला मिळतो, तो मिळतही असेल. त्या किमतीत डॅशबोर्डखाली उताणं झोपून तारा शोधणारा माणूस येत नाही.

पेनड्राइव्हचं मात्र माझंच चुकलं, सांगायचं राहून गेलं. तुमचा 64 जीबीचा आहे. हल्ली एवढे मोठे पेनड्राइव्ह कारखान्यातून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, आणि या किमतीचे बहुतेक सेट फॅट32 च वाचतात. पडद्यावर नुसतं ‘नो फाइल’ येतं आणि माणसाला वाटतं सेट बाद आहे. 32 जीबी किंवा त्याहून लहान साधा पेनड्राइव्ह लावा, चालेल. गाणी एमपी3 मध्येच ठेवा. फोनवर रेकॉर्ड केलेल्या फाइल बऱ्याचदा एम4ए असतात, त्या हा सेट ओळखत नाही. सेट डुप्लिकेट नाही. बिलावर सीरियल नंबर आहे, एक वर्षाची वॉरंटी आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवून खात्री करून घ्या.

रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘वडिलांच्या भजनांच्या 37 सीडी आता कुठे लावू?’ ही ओळ मी चार वेळा वाचली. साहेब, हे काउंटरवर बोलला असता तर मी तुम्हाला हा सेट दिलाच नसता, किंवा देण्याआधी त्या सीडींचं काय करायचं ते बोललो असतो. माझे वडीलही पेटी वाजवायचे आणि त्यांची एकही ध्वनिफीत माझ्याकडे उरलेली नाही. तुमच्याकडे 37 आहेत. त्या मी फुकट पेनड्राइव्हवर उतरवून देतो. एक सीडी म्हणजे फार तर 80 मिनिटं. बऱ्यापैकी दर्जा ठेवून एमपी3 केली तर साधारण 110 एमबी होते. सगळ्या मिळून चार-सव्वाचार जीबी, म्हणजे आठ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बसतील. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी असतील तर उशीर करू नका. त्यांच्यावरचा रंगाचा थर उष्णतेने खराब होतो, आणि तुमच्या तर मे महिन्यात गाडीतच पडून होत्या.

एवढं करूनही सीडीवालाच हवा असेल तर 7,400 वाला अजून दुकानात आहे. हा सेट परत घेईन, वरचा फरक द्या, फिटिंगचे पुन्हा घेणार नाही. जुना टेप मी फेकलेला नाही, तुमच्या डिकीत पिशवीत ठेवला आहे.

यापुढे गिऱ्हाइकाचा फोन संपेपर्यंत थांबून मगच सेट दाखवायचा, असं मुलांना सांगितलं आहे. किती वेळ लागेल तेही लिहून देता येईल का, ते बघतो.

मंगळवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. सीडी एकावर एक रचून आणू नका, चरे पडतात. प्रत्येकीला कागदाचं पाकीट घाला, आणि येताना डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.